डाव्या चाकावरचा तांबडा ठिपका

सोपानराव,

पुढच्या डाव्या चाकाची पिन तुम्ही विसरला नव्हतात. तुम्ही ती घातली होती आणि तिचे दोन्ही पाय नीट वळवलेही होते. ती मी काढली.

एवढे सांगायला मी नऊ वर्षे घेतली. मनात जुळवताना हे वाक्य फार लांबत असे. त्यात कारणे असत, परिस्थिती असे, सणाचा दिवस असे. कागदावर आले तेव्हा ते इतके लहान निघाले की माझा मलाच संकोच वाटला.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. कारखान्याच्या दाराजवळच्या फळ्यावर तुमचे नाव, विभाग आणि नोकरीची वर्षे खडूने लिहिली होती. मजकूर बिनचूक होता. सवयीने मी तो दोनदा तपासला. त्यात तुम्ही मात्र कुठे दिसला नाहीत. आपल्या दोघांचा जो काही संबंध होता, तो एका जुन्या गाडीभोवतीचा होता. तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.

गाडी माझ्याकडे आली ती मामांकडून. मामा जमीन मोजणीच्या कामात होते. साखळ्या, दुर्बीण आणि खुंट्या घेऊन रानोमाळ हिंडता यावे म्हणून त्यांनी ती लांब पाठीची विलायती स्टेशन वॅगन कुणा गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. त्यांना मूलबाळ नव्हते. ते गेले आणि ताथवड्याच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमधली गाडी माझ्या वाट्याला आली. मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालत होत्या. दुष्काळाचे वर्ष नुकतेच सरले होते, पेट्रोल एकाएकी महागले होते, आणि मी एका कारखान्यातला साधा तपासनीस. कुणीही ती भंगारात घातली असती. पण माझे शिक्षण मामांनी केले होते. माझा हात होईना.

तुम्ही फिटर होतात. तुम्ही जोडायचे आणि मी त्यात खोट शोधायची, असे आपले कारखान्यातले नाते. सहा वर्षांत मला तुमच्या कामात खोट सापडली नव्हती; आणि खरे सांगायचे तर त्याचा मला थोडा रागच होता. तरी गाडी बघायला मी तुम्हालाच नेले. शेडमध्ये शिरल्यावर तुम्ही बॉनेट उघडले नाही. गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "माधवराव, ही गाडी मला ठावं हाय. हिनंच आमची जमीन मोजली."

मोशीकडचे तुमचे रान कारखान्यांसाठी गेले होते हे मला माहीत होते. त्या रानाच्या बांधावर माझे मामा उभे असतील, हे कधी ध्यानात आले नव्हते.

तुम्हीच हसलात. "गाडीचा काय दोष त्यात? म्हातारा भला व्हता. फितीचं एक टोक माझ्या बापाच्या हातात देऊन म्हनायचा, धरा पाटील, तुमचंच हाय. आता आमी हिचं पोट उघडून हिला मोजतो. फिटंल."

गाडी चालत नव्हतीच. तुम्ही तुमची बैलजोडी आणलीत आणि ताथवड्यापासून संत तुकाराम नगरातल्या माझ्या घरापर्यंत गाडी बैलांनी ओढून आणली. सगळी कॉलनी गॅलरीत आली होती. शेजारचे कुलकर्णी मास्तर वरून ओरडले, "काय तपासनीस, पेट्रोल परवडेना म्हणून बैल जुंपलेत का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मास्तर, बैलं गाडीची न्हाईत. गाडी बैलांनी इकत घेतलीय." मला तेव्हा शरमेने मेल्यासारखे झाले होते. आता त्या वाक्यावर एकटाच हसतो आणि मग सांगायला कुणी नसते.

त्यानंतर वर्षभर दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, आपण त्या गाडीखाली आडवे असायचो. नवे काही घ्यायचे नाही, हा आपला नियम होता, कारण नवे घेण्याची ऐपत नव्हती. मागचा तळ गंजून गळून पडला होता. तिथे यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या बसवल्या. कारखान्यात त्या फळ्या ढिगाने पडलेल्या असत. मी म्हटले, चार उचलल्या तर कोण विचारणार? तुम्ही पाना खाली ठेवलात. "चिठ्ठी आना. चिठ्ठीबिगर खिळा बी नको." मी रीतसर चिठ्ठी आणली. त्या फळ्यांवर काचेच्या पेल्याचा छाप होता, आत नाजूक वस्तू आहे हे सांगणारा. मला तो रंधून काढायचा होता. तुम्ही राहू दिलात, म्हणालात, "माणसंच बसनार की वर."

बाकांना एका टेम्पोचे जुने रेक्झिन लागले. माझ्या पत्नीने, कमलने, आपल्या दोन जुन्या पातळांचे पडदे शिवले. मागच्या दाराची कडी कधीच नीट बसली नाही. तुम्ही तिथे तुमच्या मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा टांगलीत. दार उघडे राहिले की ती वाजे. रंगावरून मात्र आपले जमले नाही. मला मामांच्या वेळचा राखाडी हवा होता, तुम्हाला उसाच्या पातीचा हिरवा. "मेलेल्या मानसाचा रंग जित्या गाडीला कशाला?" हा तुमचा प्रश्न. मी राखाडीच दिला. आज तो जागोजागी उडाला आहे.

दुसरा वाद त्याहून जुना होता. करणाऱ्याचा हात आधी की तपासणाऱ्याचा डोळा? तुमचे म्हणणे, काम नीट झाले की हाताला कळते. मग डोळा काय बघणार? माझे म्हणणे, हात स्वतःवर प्रेम करतो, म्हणून दुसऱ्याचा डोळा लागतो. आमच्या विभागात तपासून पास केलेल्या जोडावर तांबड्या रंगाचा ठिपका देत. गाडीवरही मी तसाच देऊ लागलो. तुम्ही एक काम पुरे केलेत की मी वाकून बघायचो, आणि मगच ब्रश टेकवायचो. तुम्ही त्याची चेष्टा करायचात, "सायबाच्या टिळ्याबिगर गाडी हालायची न्हाई." पण थांबायचात. माझा ठिपका पडेपर्यंत तुम्ही हात पुसत उभे राहायचात, हे मी तेव्हा पाहिले होते आणि त्याने मी सुखावलो होतो.

गाडी जशी उभी राहत गेली तसे लोक बघायला येऊ लागले. तुमच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, ती पाहिली आणि ते आपणहून बोलले. चाकण चौकाजवळ नाशिक रस्त्याला लागून त्यांची जागा होती, वर पत्र्याचे छप्परही होते. "कारखान्यात मरस्तवर दुसऱ्याचं नट आवळनार का? गॅरेज टाका. जागा माजी." त्या दिवसापासून तुम्ही बदललात. पाटी कशी लिहायची, खड्डा कुठे खणायचा, यावर गुरुवार सरू लागले. दसऱ्याच्या मुहूर्तावर तिथे नारळ फोडायचा, हत्यारे नेऊन ठेवायची आणि जाताना याच गाडीतून जायचे, असे ठरले.

अष्टमीच्या संध्याकाळी मला ओव्हरटाइम होता. तुम्ही एकट्यानेच पुढचे डावे चाक बसवलेत. या चाकाचा मधला नट फार आवळून चालत नाही, बेअरिंग तापते. तो किंचित सैल सोडावा लागतो, आणि फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून दोन पायांची एक पिन आरपार घालून पाय वळवावे लागतात. वर पत्र्याची टोपी बसते, मग आतले काही दिसत नाही. मी घरी आलो तेव्हा तुम्ही निघाला होतात. म्हणालात, "सगळं झालंय. पिन घातलीय. आता दसऱ्याचा नारळ फुटंस्तवर पाना उचलायचा न्हाई. ठिपका तेवढा लावा, डोळं झाकून."

खंडेनवमीला हत्यारे पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना विश्रांती द्यायची, ही रीत तुमच्या घरी होती तशीच माझ्याही. कमलने सकाळीच माझी पक्कड, दोन पाने आणि हातोडी पाटावर मांडली होती. वर झेंडूची फुले होती. मी तांबड्या रंगाची डबी घेऊन खाली गेलो आणि त्या चाकापुढे बसलो. डोळे झाकून ठिपका लावणे मला जमेना. सोपानराव, मला तुमच्यावर संशय नव्हता. मला एवढेच सहन होत नव्हते की या गाडीत एक जोड असा आहे, ज्याला माझी गरज नाही.

मी वर आलो आणि पाटावरची पक्कड उचलली. कमल म्हणाली, "अहो, पूजेतली पक्कड उचललीत?" मी म्हटले, "दोन मिनिटांचं काम आहे."

टोपी काढली. पिन जागेवर होती. तुमचे काम होते तसेच होते. तिथे थांबलो असतो तर आज तुमची पाटी चाकणच्या चौकात असती. पण नट बरोबर सैल आहे का हे बघायला मी पिनचे पाय सरळ केले, आणि सरळ करताना एक पाय तुटला. घरात दुसरी पिन नव्हती. दुकाने सणाची बंद. तुमच्याकडे मागायला यावे तर मी उघडून पाहिले हे कळणार, आणि पूजेतले हत्यार उचलले हेही कळणार. मी नट हाताने बसवला, टोपी ठोकली आणि तिच्यावर ठिपका दिला. चाकणपर्यंतचे तर अंतर. परत आल्यावर घालू, असे मी स्वतःला सांगितले. सात वर्षे मी कारखान्यात याच वाक्यासाठी लोकांची कामे परत पाठवीत होतो.

दसऱ्याला मी गाडी मोशीला आणली. सणासाठी तुमच्याकडे आलेले आप्पा पुढे माझ्या डावीकडे बसले. मागे तुम्ही, आणि नारळ ओटीत घेतलेल्या सरूवहिनी. तुमची हत्यारे झेंडूच्या माळेसकट मागच्या फळ्यांवर. इंद्रायणीचा पूल ओलांडला तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात थरथरू लागले होते. मुहूर्त टळेल म्हणून मी थांबलो नाही. मग चाक सुटले, गाडीच्या पुढे पळत गेले आणि ज्वारीत शिरले. गाडी डाव्या अंगावर खाली बसत चरात गेली. घंटा वाजत राहिली. पाने, पकडी आणि फुले रस्ताभर पसरली.

आप्पांच्या मांडीचे हाड मोडले. बाकीच्यांना खरचटले. आप्पांना टेम्पोत घालून पाठवल्यावर तुम्ही गवतात बसून तो नट शोधलात. तो सापडला. त्याच्या रिकाम्या खाचेतून तुम्ही बोट फिरवत राहिलात. "पिन घातली व्हती मी. घातली व्हती ना? का पाय वळवायचं राह्यलं?" हे तुम्ही मला विचारत नव्हतात. तुम्ही आपल्या हाताला विचारत होतात.

मग मान वर करून मला विचारलेत, "तुमी बघितलं व्हतं का?"

मी म्हणालो, "तुम्ही सांगितलंत म्हणून न उघडता ठिपका लावला."

पिन काढणे ही चूक होती. ती कदाचित तुम्ही हसून सोडून दिली असतीत. माझे हे उत्तर मात्र नुसती चूक नव्हते. ते मी नीट निवडले होते. तुमचा विश्वास उचलून मी तुमच्याच अंगावर घातला.

दवाखान्याच्या खाटेवरून आप्पांनी निकाल दिला, "स्वताच्या बायकूला बसवलेल्या गाडीचं चाक ज्याला धड लावता येत न्हाई, त्यो लोकांच्या गाड्या काय करनार?" त्या जागेवर पुढे पिठाची गिरणी आली. तुम्ही एका शब्दाने वाद घातला नाहीत. कारखान्यात राहिलात, दुसऱ्यांचे नट आवळत. बाहेरच्या कुणाच्या गाडीला मात्र पुन्हा हात लावला नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचात, "नगं राव. हाताचा भरवसा न्हाई."

आणि कारखान्यात, ज्या माणसाच्या कामात मला कधी खोट सापडली नाही, तो माणूस काम झाल्यावर मला हाक मारू लागला. "माधवराव, जरा बघून घ्या. एकदा बघा फकस्त." आपला जुना वाद मी असा जिंकला. मी वाकायचो, बघायचो, "ठीक आहे" म्हणायचो. नऊ वर्षे.

कमलला सारे माहीत होते. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "सांगून टाका हो. ते काही तोडणार नाहीत तुम्हाला." दुसऱ्या वर्षीही म्हणाली. मग म्हणायची थांबली. तिच्या त्या थांबण्याची मला सांगण्याहून अधिक भीती वाटू लागली.

गाडी तुम्हीच पुन्हा उभी केलीत, ती तुमचीच चूक फेडायची असल्यासारखी. तिने किती कामे केली! मास्तरांच्या मुलीची पाठवणी तिच्यातूनच झाली, तुमच्या आईला शेवटच्या आजारात ती आठवड्याला दवाखान्यात नेत असे, कॉलनीतले कुणीही आजारी पडले की पहिली हाक तिलाच असे. दर नवमीच्या आदल्या दिवशी तुम्ही येऊन चारही टोप्या काढायचात, एकेका पिनला बोट लावायचात आणि मला लावायला सांगायचात. मी लावायचो. ठिपका मात्र मी त्यानंतर कधी दिला नाही. तुम्ही त्याचे कारण विचारले नाहीत.

त्या सकाळी पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला आणि तासाभरात तुमच्या छातीत कळ आली. योगायोगाने मी त्या दिवशी गाडी घेऊन आलो होतो. चौघांनी तुम्हाला उचलून मागच्या फळ्यांवर, त्या पेल्याच्या छापावर निजवले. मी चालवत होतो. मागे दार नीट लागले नव्हते, घंटा वाजत होती. सांगायला माझ्याजवळ पंधरा मिनिटे होती. मी म्हटले, आधी दवाखाना. तुम्ही मागून हळू आवाजात विचारलेत, "चाकं बघितली का?"

"बघितली," मी म्हणालो.

ते आपले शेवटचे बोलणे. ते खरे होते, एवढेच मला म्हणता येते.

तीन दिवसांपूर्वी, तेराव्याला, मी तुमच्या घरी होतो. ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीला लावला आहे. त्यात तुम्ही उगाचच गंभीर दिसता. खाली तुमची हत्यारांची पेटी ठेवली होती. जेवणे उरकल्यावर माणसे ओसरीत बसली. आप्पा काठी आडवी ठेवून बोलत होते. आता ते थकले आहेत, बोलण्यात राग नव्हता, कीवच होती. "हात सोन्याचा व्हता पोराचा. पर एक पिन ईसरला, अन् जल्माचं नुसकान करून घेतलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी व्हता की. सांगा, खोटं हाय का?"

दारात सरूवहिनी ताटे गोळा करत होत्या. त्यांनी मान खाली घातली. नऊ वर्षे हे ऐकताना त्या अशीच मान खाली घालत असणार, हे मला त्या क्षणी दिसले.

मी उभा राहिलो. "खोटं आहे, आप्पा. पिन त्यांनी घातली होती. नवमीला मी पूजेतली पक्कड उचलून ती काढली, ती माझ्या हातून मोडली, आणि मी तसाच ठिपका लावला. वर त्यांना सांगितलं की मी उघडलंच नाही."

आप्पांनी आपल्या मांडीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग म्हणाले, "मंग मी जागा कुनाला नाकारली?"

सरूवहिनींनी ताटे खाली ठेवली. "ते जेवता जेवता थांबून हात बघायचे," त्या म्हणाल्या. "उजवा हात. उलटा करून, सुलटा करून. मी म्हनायची, काय बघता? तर म्हनायचे, काय न्हाई. माधवभावजी, त्यांना सांगितलं व्हतं का तुमी हे?"

"नाही, वहिनी. तुमची क्षमा मागायला मी..."

"माजी कशाला मागता? माजा हात न्हाई चुकला." त्यांनी भिंतीकडे बोट केले. "त्यांना सांगा. मोठ्यानं सांगा, समद्यांना ऐकू जाऊ द्या."

मी तुमच्या फोटोसमोर गेलो. पेटीजवळ गुडघे टेकून बसलो, त्या दिवशी चाकापुढे बसलो होतो तसाच. आवाज माझा कधीच मोठा नव्हता, तेवढा मोठा मी तो केला आणि म्हणालो, "सोपानराव, तुमचा हात चुकला नव्हता. माझा चुकला, आणि मी तुम्हाला तुमच्याच हातावर संशय घ्यायला लावला. मला क्षमा करा."